सहा माणसं, सात रात्री, एक आरव्ही: झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनची आखणी

प्रश्न थोडक्यात असा. बे एरियातलं (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातलं) कुटुंब: नवरा-बायको, पाच आणि नऊ वर्षांची मुलं, शिवाय पुण्याहून आलेले सत्तरीचे आई-बाबा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लास व्हेगासहून २५ फुटी क्लास सी आरव्ही (ड्रायव्हरच्या डोक्यावर माचा असलेली, घरासारखी गाडी) भाड्याने घ्यायची आणि सात रात्रींत युटातली झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं, ॲरिझोनातलं पेज गाव, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन असं सगळं करायचं. बाबांना मधुमेह आहे, सारखं बाथरूमला जावं लागतं, बाहेरचं खाणं सोसत नाही. जमेल का, आणि कुठे फसायला होतं?

जमेल. बाबांच्या दृष्टीने तर आरव्ही हीच सर्वांत सोयीची. बाथरूम कायम सोबत, जेवण घरचं, औषधं फ्रिजमध्ये, आणि दुपारी कंटाळा आला की कुठल्याही पिकनिक एरियात थांबून अर्धा तास आडवं होता येतं. पण तुम्ही आखलेला मार्ग आणि निवडलेली गाडी, दोन्ही बदलावं लागेल. आरव्हीत चार गोष्टी मोजक्या असतात: ताजं पाणी, बॅटरीतली वीज, सांडपाण्याच्या टाक्यांतली जागा आणि दिवसाचा उजेड. सहल बिघडते ती बहुतेक वेळा यांतलं काहीतरी संपल्यामुळे. आखणी करताना मात्र लोक फक्त मैल मोजतात.

आधी गाडी. जाहिरातीत किती जण झोपू शकतात हे ठळक लिहिलेलं असतं, पण बघायचा आकडा सीट बेल्टचा. २५ फुटी गाडीत बऱ्याचदा पाचच बेल्ट असतात. तुम्ही सहा आहात, म्हणजे प्रश्न तिथेच संपला. २८ ते ३० फुटी गाडी घ्या, आणि फोनवर विचारून घ्या की जेवणाच्या टेबलाजवळच्या सीटना नुसता कमरेचा बेल्ट आहे की खांद्याचाही. हे मुलांसाठी फार महत्त्वाचं आहे. बूस्टर सीटला (मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीला) खांद्याचा बेल्ट लागतोच. नुसत्या कमरेच्या बेल्टवर बूस्टर वापरायचं नाही. पाच वर्षांच्या मुलाला पाच पट्ट्यांची हार्नेस असलेली सीट आणा, ती कमरेच्या बेल्टने बांधता येते. नऊ वर्षांच्या मुलाची उंची ४ फूट ९ इंचांपेक्षा कमी असेल तर त्याला खांद्याचा बेल्ट असलेलीच जागा द्या. मुलांच्या सीट फक्त समोर तोंड असलेल्या जागी लावायच्या. उलट्या किंवा आडव्या बाकावर कधीच नाही. आणि गाडी चालू असताना कोणी उठायचं नाही, बाथरूमसाठीही नाही. बाबांना जायचं असेल तर गाडी थांबवा; बाथरूम सोबत असल्याने थांबायला जागा शोधण्यात वेळ जात नाही, हा खरा फायदा.

झोपण्याची वाटणी अशी करा. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माचा तुम्हा दोघांना. आई-बाबांना शिडी चढायला लावू नका, आणि मुलांना तिथे झोपवणार असाल तर पडू नये म्हणून जाळी आहे का ते आधी बघा. मागचा पलंग आई-बाबांना, पण तो तीन बाजूंनी मोकळा असेल अशीच गाडी मागा. कोपऱ्यात भिंतीला चिकटलेला पलंग असेल तर आत झोपलेल्याला रात्री उठताना दुसऱ्यावरून ओलांडून यावं लागतं, आणि बाबांना तर रात्रीतून दोन-तीनदा उठायचं असणार. टेबल खाली करून होणारा पलंग मुलांना.

आता मार्ग. सर्वांत मोठी अडचण झायनमध्ये आहे. झायनहून ब्राइसला जाणारा जवळचा रस्ता १९३० साली बांधलेल्या झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून जातो. हा बोगदा १.१ मैल लांब आहे आणि कमानीसारखा असल्याने कडेला उंची कमी पडते. पूर्वी मोठ्या गाड्यांना पैसे भरून, समोरची वाहतूक थांबवून सोडत असत. जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडीला तिथून जाताच येत नाही. तुमची क्लास सी सुमारे १२ फूट उंच आणि ८ फुटांहून रुंद असणार, म्हणजे दोन्ही मापांत बाद. वळसा आहे: झायनहून मागे हरिकेन गावात या, तिथून युटा ५९ आणि ॲरिझोना ३८९ ने फ्रेडोनिया, मग केनॅब, आणि पुढे यूएस ८९ ने ब्राइस. अंतर जवळजवळ दुप्पट होतं, पण रस्ता सरळ आणि सोपा आहे. फोनवरचा नकाशा गाडीची उंची जाणत नाही, तो तुम्हाला बिनदिक्कत बोगद्याकडे नेईल. म्हणून हा टप्पा कागदावर लिहून घ्या.

सात रात्रींत पाच ठिकाणं होणार नाहीत. आरव्हीवाल्यांमध्ये तीनचा एक नियम चालतो: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी ३ च्या आत मुक्कामी, आणि एका जागी ३ रात्री. सात दिवसांत तिसरा भाग पाळणं कठीण, पण पहिले दोन पाळाच. कारण ही गाडी ताशी ६०-६५ मैलांच्या वर पळवायची नसते, चढावर ४० वर येते, आणि पेट्रोल भरणं, जेवण, बाबांचे थांबे धरून नकाशाच्या चार तासांचे साडेपाच होतात. मॉन्युमेंट व्हॅली काढून टाका, पेज फक्त जेवणापुरतं ठेवा. मी असं सुचवेन: पहिली रात्र हरिकेन किंवा सेंट जॉर्जजवळ, दोन रात्री झायन, एक ब्राइस, दोन ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिणेकडचा कडा), आणि शेवटची किंगमन किंवा बोल्डर सिटीजवळ. गाडी साधारण दुपारी ताब्यात मिळते, ती समजून घेण्यात आणि वाणसामान भरण्यात संध्याकाळ होते. त्यात नेव्हाडातून युटात शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं. त्याच दिवशी झायन गाठायचा हट्ट धरला की अंधारात, पहिल्यांदाच, तीस फुटी गाडी मागे घेत जागेवर लावायची वेळ येते. शेवटच्या दिवशी साउथ रिमहून व्हेगास २८० मैल आहे आणि गाडी सकाळीच परत द्यायची असते, म्हणून अलीकडचा तो मुक्काम.

झायनमध्ये वॉचमन कॅम्पग्राउंडला वीज असलेल्या जागा आहेत. आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि लगेच भरतं. वीज आहे, पण जागेवर नळजोड किंवा गटारजोड नाही, आणि अंघोळीची सोय नाही. डंप स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) आहे. इथे गाडी लावली की दोन दिवस हलवायचीच नाही: व्हिजिटर सेंटर चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि त्या दिवसांत दरीतल्या रस्त्यावर खाजगी गाड्या बंद असतात, पार्कची शटल बसच जाते. साउथ रिमला ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी, गटार तिन्ही जोड मिळतात आणि तिथेही शटल आहे. मेदर कॅम्पग्राउंड सुंदर आहे, पण तिथे जोड नाहीत.

ब्राइसबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तुमच्या सहलीतली सर्वांत कठीण रात्र तीच ठरू शकते. ब्राइस ८,००० फुटांच्या वर आहे. ऑक्टोबरात तिथे रात्री पारा शून्याच्या खाली जातो. पार्कमधल्या दोन्ही कॅम्पग्राउंडमध्ये वीज नाही. लोकांना वाटतं, हीटर प्रोपेनवर चालतो, प्रोपेनची टाकी भरलेली आहे, मग काळजी कसली? पण हीटरची गरम हवा ढकलणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. हिशेब करा: साधी लेड-ॲसिड बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल तर त्यातले ५०च वापरायचे, नाहीतर ती खराब होते. पंखा ७-८ अँपिअर ओढतो. थंड रात्री दहा तासांपैकी पाच तास तो चालला तर ४० अँपिअर-तास तिथेच गेले. संध्याकाळचे दिवे, पाण्याचा पंप आणि चार्जिंगला लावलेले फोन वेगळे. पहाटे चार-पाचला पंखा मंद फिरतो, मग हीटर बंद पडतो, आणि टाकीत प्रोपेन भरपूर असूनही आत सगळे कुडकुडतात. पहाटे जनरेटर लावता येत नाही, कारण पार्कमध्ये तो ठरावीक तासांतच चालवायची परवानगी असते.

म्हणून आई-बाबा सोबत असताना ब्राइसला पार्कबाहेर रूबीज इनच्या आवारात वीजजोड असलेली जागा घ्या. तिथेच हॉटेलच्या खोल्याही आहेत. आई-बाबांना त्या एका रात्रीसाठी खोली घेऊन दिलीत तर तो पैसा वाया जाणार नाही. वीज नसलेल्या जागीच राहणार असाल तर संध्याकाळी परवानगीच्या वेळात जनरेटर लावून बॅटरी पूर्ण भरा, थर्मोस्टॅट १५-१६ अंश सेल्सिअसवर ठेवा, प्रत्येकाला जाड पांघरूण द्या. गॅसची शेगडी ऊब घेण्यासाठी कधीही पेटवू नका आणि झोपेत जनरेटर चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्री नळाला जोडलेला पाइपही काढून ठेवा, नाहीतर सकाळी तो गोठलेला सापडतो.

जिथे वीज आहे तिथेही ती अमर्याद नसते. ३० अँपिअरचा जोड म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. एसी १२-१४ अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह साधारण १३, हेअर ड्रायर १२, इन्स्टंट पॉट ८-९. कोणतीही दोन मोठी उपकरणं चालतात, तिसरं लावलं की ब्रेकर पडतो. पडला तर सगळं बंद करा, आधी बाहेरच्या खांबावरचा ब्रेकर बघा, मग आतला मुख्य, आणि शेवटी बाथरूमजवळच्या प्लगवरचं रिसेटचं बटण. खांबाला केबल लावताना किंवा काढताना ब्रेकर बंद ठेवायचा. आईंनी भारतातून आणलेला मिक्सर १२० व्होल्टवर नुसता गुरगुरेल; चटण्या घरूनच वाटून न्या.

पाण्याचा हिशेब तितकाच नेमका हवा. ताज्या पाण्याची टाकी बहुधा ४० गॅलनची, सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची ग्रे टाकी सुमारे ३०, आणि संडासाची ब्लॅक टाकी २५-३० गॅलनची. गरम पाणी एका वेळी ६ गॅलन. सहा जणांनी अंग भिजवून, नळ बंद करून, साबण लावून पुन्हा धुवायची शिस्त पाळली तरी माणशी अडीच गॅलन धरा, म्हणजे १५. भांड्यांचे ५. दीड दिवसात ग्रे टाकी भरते, आणि ती भरली की शॉवरच्या तळातून घाण पाणी वर येतं. झायनमध्ये स्प्रिंगडेल गावात पैसे देऊन अंघोळ करता येते, ग्रँड कॅन्यनला कॅम्पर सर्व्हिसेसमध्ये. गाडीतला शॉवर मुलांसाठी आणि बाबांसाठी राखून ठेवा.

ब्लॅक टाकीविषयी लोक बोलायला संकोचतात आणि मग तीच नडते. पहिल्या दिवशी रिकाम्या टाकीत एक-दोन गॅलन पाणी आणि रसायनाची पुडी टाका. गटारजोड असला तरी तिचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं, घट्ट भाग तळाला साचून वाळतो आणि मग काही केल्या सुटत नाही. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. आपल्याकडे पाणी वापरायची सवय असते, ती इथे फायद्याचीच आहे: बाटली ठेवा, कागद कमी जातो, टाकी प्रवाही राहते, फक्त ती लवकर भरते हे लक्षात ठेवा. मुलांचे ओले वाइप्स मात्र एकही टाकायचा नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी. भिंतीवरच्या पातळी दाखवणाऱ्या दिव्यांवर विसंबू नका. आत कागद चिकटला की ते खोटं सांगतात. टॉर्च घेऊन संडासातून खाली बघा.

रिकामी करताना हातमोजे घाला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करून, खाली बादली धरून टोपण काढा. पाइपची खोबण टाकीच्या तोंडावर दाबून फिरवा आणि ती अडकली का ते ओढून बघा. सगळी रामायणं इथे अर्धवट बसलेल्या पाइपमुळे घडतात. दुसरं टोक जमिनीतल्या तोंडात घालून वर दगड किंवा पाय ठेवा. आधी ब्लॅक उघडा, आवाज थांबेपर्यंत वाट बघा, बंद करा. मग ग्रे उघडा, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन नेतं. डंप स्टेशनवर दोन नळ असतात: एक पिण्याच्या पाण्याचा, एक फक्त धुण्याचा. तुमचा पिण्याच्या पाण्याचा पाइप धुण्याच्या नळाला कधीच लावू नका. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात, पण सकाळी दहा-अकराला, सगळे निघायच्या वेळी, रांग असते. निघायच्या आदल्या संध्याकाळी उरकून टाका.

स्वयंपाकाचं सांगायचं तर, ब्राइसच्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. तीन लिटरचा कुकर न्या; पाच लिटरचा छोट्या बर्नरवर नीट बसत नाही. फोडणी करताना छतावरचा पंखा आधी लावा आणि खिडकी उघडा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा भोंगा वाजतो. भाकरी आत करूच नका. तवा तापेपर्यंत गाडीभर धूर होतो. पोळ्या, दशम्या घरून करून गोठवून न्या. मेतकूट, कोरडी चटणी, पिठल्यासाठी बेसन आणि भाजलेला रवा एवढ्यावर सात दिवस सहज निघतात, आणि पिठलं एका कढईत, फार पाणी न घेता होतं. भांडी सिंकमध्ये टाकण्याआधी कागदाने पुसा. तेल, शिजलेली शितं आणि विशेषतः चहाचा चोथा ग्रे टाकीत गेला की तिसऱ्या दिवशी असा वास सुटतो की खिडक्या उघडूनही जात नाही. बाहेर टेबलावर जेवलात तर खरकटं आणि कुकर लगेच आत घ्या. ग्रँड कॅन्यनला खारीसुद्धा पिशव्या फाडतात.

प्रोपेनवर चालणारा फ्रिज थंड व्हायला सहा ते बारा तास घेतो. गाडी घेण्याच्या आदल्या रात्री तो लावून ठेवायला सांगा आणि आधीच थंड केलेल्या वस्तूच आत भरा. गाडी तिरकी उभी असेल तर असा फ्रिज नीट चालत नाही आणि बिघडतोही. म्हणून प्लास्टिकचे ठोकळे चाकाखाली घालून गाडी सपाट करायची. बाबांचं इन्सुलिन असेल तर मागच्या पत्र्याला टेकवून ठेवू नका, तिथे ते गोठतं आणि गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं. दाराच्या कप्प्यात ठेवा, शेजारी छोटा थर्मामीटर.

चालवण्यात दोनच गोष्टी नव्या माणसाला नडतात. एक, मागच्या चाकांच्या मागे दहा-एक फूट गाडी असते. उजवीकडे वळलात की शेपूट डावीकडे झुकते. पेट्रोल पंपाचे पिवळे खांब बहुतेक असेच लागतात. पंपावरून निघताना सगळी गाडी पुढे जाईपर्यंत सरळ ठेवा, मग वळा. दुसरी, उंची. १२ फूट हा आकडा चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा; ड्राइव्ह-थ्रू, हॉटेलचं पोर्च आणि खाली आलेल्या फांद्या यांसाठी. भाड्याच्या विम्यात छताचं नुकसान बऱ्याचदा धरलेलं नसतं, आणि क्रेडिट कार्डाचा विमा बहुधा आरव्हीला लागूच होत नाही, तेही आधी वाचून घ्या. उतारावर टो-हॉल मोड (गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवणारं बटण) लावून गिअरवर गाडी आवरा, सतत ब्रेक दाबून ठेवू नका. वारा जोराचा असेल तर ५० वर या किंवा थांबा. पेट्रोलला ८ ते १० मैल दर गॅलन धरा; तुमच्या साधारण ९०० मैलांना ९० ते ११० गॅलन लागतील. मैलांचे, जनरेटरच्या तासांचे आणि भांडी-पांघरुणांचे पैसे भाड्याव्यतिरिक्त असतात का तेही विचारा. १ जानेवारी २०२६ पासून झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यनसह ११ पार्कांत अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना वेगळं शुल्क आहे. आई-बाबांचा हिशेब पार्कच्या संकेतस्थळावर बघूनच पास घ्या.

कामं वाटून घ्या. एकाने निघण्याआधीची कामं करायची: पायरी आत, छताच्या खिडक्या बंद, केबल-पाइप आत, प्रोपेन बंद, फ्रिजची कडी, कपाटांच्या खिट्या. दुसऱ्याने गाडीभोवती फिरून तीच यादी पुन्हा तपासायची. गाडी मागे घेताना मागे एकच माणूस उभा, आणि ड्रायव्हरला तो आरशात दिसला नाही की गाडी तिथेच थांबवायची. सगळ्या घराने एकदम सूचना दिल्या की भांडण ठरलेलं. नऊ वर्षांच्या मुलाला पाण्याच्या टाकीचा हिशेब द्या. मुलं ते फार मन लावून करतात आणि मग मोठ्यांनाही नळ बंद करायला लावतात.

एवढं जमलं तर जे मिळतं ते हॉटेलच्या सहलीत मिळत नाही. ब्राइसला पहाटे साडेसहाला आपल्याच गॅसवर आल्याचा चहा करून थर्मासमध्ये भरायचा, आई-बाबांना शाली पांघरून सनराइज पॉइंटवर न्यायचं, आणि परत येऊन गरम उपमा खायचा. ही तिन्ही पार्कं अधिकृत डार्क स्काय पार्क आहेत, म्हणजे रात्रीचं आकाश काळंभोर राखलेली. चंद्र नसेल तर आकाशगंगा गाडीच्या दारातून दिसते, बाबांना कुठे चढून जावं लागत नाही.

परत देण्याच्या सकाळी दोन्ही टाक्या रिकाम्या करा, पेट्रोल घेतलं होतं त्या खुणेपर्यंत भरा आणि सगळं घर झाडून घ्या. टाकी पाव भरलेली असताना जनरेटर आपोआप बंद पडतो, म्हणून शेवटच्या रात्री पेट्रोल त्याखाली जाऊ देऊ नका. मीटर, टाक्यांचे दिवे, छताच्या कडा आणि मागचा बंपर यांचे फोटो काढा, आणि गाडी घेतानाही हेच फोटो त्याच क्रमाने काढलेले असू द्या.